निष्काळजी कोण?

दरवर्षी ४ मार्चला देशभरातल्या कारखान्यांत राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली, त्याचे हे स्मरण. जबलपूरसारख्या कारखान्यांच्या शहरात हा दिवस आणि त्यापुढचा आठवडा चुकवू म्हटले तरी चुकत नाही. फाटकावर फलक लागतो, छातीवर बिल्ला लागतो, सामूहिक शपथ होते, घोषवाक्यांची स्पर्धा होते आणि बक्षीस द्यायला कोणी अधिकारी येतो. मीही अशा कार्यक्रमांना पाहुणा म्हणून गेलो आहे, 'सुरक्षा ही प्रत्येकाची स्वतःची जबाबदारी आहे' असे कामगारांना ऐकवले आहे आणि चहा घेऊन परत आलो आहे.

आज त्याच वाक्याविरुद्ध लिहायचे आहे. ते वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. आणि प्रशासनात उघड असत्यापेक्षा अर्धे सत्य जास्त नुकसान करते, कारण ते फाइलीत सहज खपून जाते. या वाक्याचा उत्तरार्ध अपघातानंतरच्या चौकशी अहवालात सापडतो. तेथे लिहिलेले असते, 'कामगाराने पुरविलेली सुरक्षा साधने वापरली नव्हती. सबब अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाला.' मार्चमध्ये शपथ आणि मग पुढे केव्हातरी हा निष्कर्ष. या दोहोंच्या मध्ये जे घडते, किंवा घडत नाही, त्याला जबाबदार कोण, हा माझा प्रश्न आहे.

प्रथम माझा स्वतःचा हिशेब मांडतो. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आस्थापनेचे नाव लिहीत नाही. लिहायचे झाले तर दोषींच्या यादीत पहिले नाव माझे घालावे लागेल. मी तेथे खरेदी समितीवर वित्त विभागाचा सदस्य होतो. कामगारांसाठी सुरक्षा बूट घ्यायचे होते. निविदा आल्या, कागदोपत्री तीन पुरवठादार पात्र ठरले. पहिल्या आणि दुसऱ्या दरांत जोडीमागे शे-दीडशे रुपयांचा फरक होता. नमुन्याचे बूट टेबलावर ठेवलेले होते. आम्ही ते हातात घेऊन पाहिले. पायात कोणी घातले नाहीत. न्यूनतम दराची शिफारस झाली, मी सही केली, आणि शासनाचे काही हजार रुपये वाचवल्याचे समाधान घेऊन घरी गेलो.

पुढे सात-आठ महिन्यांनी एका अपघाताची फाइल आर्थिक मंजुरीसाठी माझ्याकडे आली. लोखंडी प्लेट उतरवताना ती एका कामगाराच्या पायावर पडली आणि उजव्या पायाची तीन बोटे गेली. अहवालात तेच ठरावीक वाक्य होते. सोबत पुरावा म्हणून साहित्यवाटपाच्या नोंदवहीची प्रत जोडलेली होती. बूट मिळाल्याबद्दल त्याची सही, तारखेसह. तो गृहस्थ बालाघाटकडचा, घरी मराठी बोलणारा. पैशांची चौकशी करायला कुबडी घेऊन कार्यालयात आला होता, तेव्हा मी त्याला विचारले, "भाऊ, बूट मिळाले होते, मग घातले का नाहीत?"

तो म्हणाला, "घातले होते ना साहेब. चौथ्या महिन्यात सोल सुटला. मग तारेने बांधून घालत होतो. तार कुठे अडकली तर पडशील म्हणून फोरमननेच काढायला लावले. दुसरे मागितले, तर दोन वर्षं झाल्याशिवाय मिळत नाहीत म्हणाले."

त्या फाइलीत दोन सह्या होत्या. नोंदवहीतली त्याची सही पुरावा म्हणून जोडली गेली. खरेदीच्या टिपणीवरची माझी सही कोणी जोडली नाही, कोणी मागितलीही नाही. निष्काळजीपणाचा शेरा बोटे गमावलेल्या माणसाच्या नावे पडला. काळजी न घेणारा मी होतो.

हा एकट्या माझा दोष असता तर या लेखाची गरज नव्हती. पण ही आपल्या व्यवस्थेची रीत झाली आहे. हेल्मेट, बूट, हातमोजे, चष्मा, मुखपट्टी ही साधने कामगाराच्या संरक्षणासाठी असतात असे आपण समजतो. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी ती व्यवस्थापनाच्या संरक्षणासाठी खरेदी होतात. साधन दिले, पावती घेतली, जबाबदारी पलीकडे सरकली.

सुरक्षाशास्त्राचे कोणतेही प्राथमिक पुस्तक उघडले तर त्यात नियंत्रणांची एक उतरंड दिलेली आढळते. सर्वांत आधी, धोका मुळातूनच काढून टाकता येतो का ते पाहावे. नसेल तर घातक वस्तूऐवजी कमी घातक वस्तू वापरावी. तेही शक्य नसेल तर यंत्ररचनेतच बंदोबस्त करावा. जाळी, आडोसा, धूळ ओढून घेणारा पंखा, दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय न चालणारा प्रेस, दुरून चालवता येणारे यंत्र. त्यानंतर कामाची पद्धत, पाळ्या, प्रशिक्षण, माणसांची संख्या. आणि हे सर्व करूनही जो धोका उरतो, त्यासाठी अंगावरचे साधन. हा क्रम मनमानी नाही. वरच्या पायऱ्या धोक्यालाच आवरतात. शेवटची पायरी धोका तसाच ठेवून माणसाभोवती कातडे, कापड किंवा काच गुंडाळते. शिवाय वरच्या पायऱ्या एकदा केल्या की माणूस थकला, घाईत असला, विसरला, तरी काम करत राहतात. शेवटची पायरी मात्र प्रत्येक क्षणी, प्रत्येक माणसाच्या सावधपणावर अवलंबून असते.

आपण ही उतरंड उलटी रचली आहे. ओतशाळेतली वाळूची धूळ हे साधे उदाहरण घ्या. त्या वाळूत सिलिका असते. तिचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात जाऊन बसतात आणि सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. उपाय म्हणजे शक्य तेथे ओली प्रक्रिया, बंदिस्त यंत्रे आणि धूळ उगमाशीच ओढून घेणारी यंत्रणा. त्याऐवजी कापडी मुखपट्टी वाटली जाते. त्या कापडातून हे सूक्ष्म कण आरपार जातात. मुखपट्टी कामगाराच्या तोंडावर असते, धूळ त्याच्या छातीत असते आणि पावती कार्यालयात असते.

अंगावरच्या साधनांच्या मर्यादा कोठे दिसत असतील तर त्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत. जबलपूरकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. १९०४ साली गन कॅरेज फॅक्टरी येथे आली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाची आयुध निर्माणी उभी राहिली, पुढे वाहन निर्माणी आली. या शहरातली कित्येक घरे तीन-तीन पिढ्या कारखान्याच्या भोंग्यावर उठली आणि जेवली. त्यांत मराठी घरेही थोडी नाहीत. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते, त्यामुळे विदर्भातून येथे येणे हे परप्रांतात जाणे नव्हतेच.

याच खमरियात २२ ऑक्टोबर २०२४ रोजी स्फोट झाला. दोन कामगार मृत्युमुखी पडल्याचे त्याच दिवशी जाहीर झाले, अनेकजण भाजले. तीन महिने उलटतात न उलटतात तोच, २४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन इमारतीचे छत कोसळले आणि आठ कामगार गेले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या, तेव्हापासून खमरिया आणि भंडारा या दोन्ही निर्माण्या म्युनिशन्स इंडिया या एकाच कंपनीकडे आहेत. तिचे मुख्यालय पुण्यात आहे. खाजगी क्षेत्राची कथा वेगळी नाही. नागपूरजवळ बाजारगाव येथील स्फोटकांच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी नऊजण गेले, त्यांत सहा स्त्रिया होत्या.

या घटनांची तांत्रिक कारणे सांगण्याचा मला अधिकार नाही. ते तज्ज्ञांचे काम आहे. मला एवढेच विचारायचे आहे, की यांपैकी कोणत्या स्फोटात कोणते हेल्मेट, कोणते हातमोजे, कोणता बूट माणसाला वाचवू शकला असता? दारूगोळ्याच्या कामात सुती कपडे आणि स्थिर विद्युत अंगावर साचू न देणारी पादत्राणे आवश्यकच असतात. पण ती ठिणगी पडू नये म्हणून. ठिणगी पडल्यानंतर माणसाला वाचवते ते अंतर, दोन इमारतींमधला मातीचा बांध, आणि इमारतीच्या दारावर लिहिलेले दोन आकडे. एका वेळी आत किती माणसे असू शकतात, हा एक. किती स्फोटक असू शकते, हा दुसरा. शंभर-सव्वाशे वर्षांच्या रक्तरंजित अनुभवातून जगभरच्या दारूगोळा उद्योगाने शिकलेला हा धडा आहे. माणूस चुकणार, पदार्थ दगा देणार, हे गृहीत धरा. आणि तसे झाले तरी कमीत कमी माणसे मरतील अशी रचना करा.

म्हणजे ज्या उद्योगात धोका सर्वाधिक, त्याने कामगाराच्या सावधपणावर विसंबायचे नाही हे तत्त्व फार पूर्वी स्वीकारले. मग तत्त्व ठाऊक असूनही माणसे का मरतात? माझे प्रशासकीय उत्तर असे, की दारावरचे ते दोन आकडे आणि उत्पादनाचे मासिक उद्दिष्ट हे दोन वेगवेगळ्या कागदांवर असतात. उद्दिष्टाचा आढावा दर आठवड्याला घेतला जातो, थेट वरपर्यंत. माणसांच्या मर्यादेचा, वातावरणातल्या आर्द्रतेचा, यंत्राच्या देखभालीचा आढावा त्याच बैठकीत, त्याच गांभीर्याने घेतला जातो का? कोणत्याही उद्योगातला, सरकारी असो वा खाजगी, अनुभवी पर्यवेक्षक या प्रश्नाचे उत्तर मान खाली घालूनच देईल.

जबलपूर आणि विदर्भ यांना जोडणारा आणखी एक धागा आहे आणि तो अधिक बोचरा आहे. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडाराच्या क्षेत्रात जुना दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू असताना स्फोट झाला आणि सहाजण ठार झाले. तो दारूगोळा खमरिया निर्माणीचा होता, आणि तो नष्ट करण्याचे काम कंत्राटावर दिलेले होते. मृतांत निर्माणीचा एक कर्मचारी होता. बाकीचे आसपासच्या गावांतले मजूर होते.

यातली साखळी नीट पाहा. वस्तू केंद्र सरकारच्या निर्माणीची, जागा लष्कराची, काम कंत्राटदाराचे, आणि खोकी उचलणारे हात सोनेगाव-केळापूरकडच्या शेतमजुरांचे. साखळीच्या एका टोकाला स्फोटकांचे सर्वोत्तम ज्ञान आहे, दुसऱ्या टोकाला सर्वाधिक धोका आहे. आणि प्रत्येक कडीपाशी जबाबदारी एक पायरी खाली उतरते. ज्ञान मात्र खाली उतरत नाही. निर्माणीतल्या कायम कामगाराला निदान प्रशिक्षण असते, संघटना असते, नकार देण्याची थोडीफार ताकद असते. रोजाने आलेल्या मजुराला आपण काय उचलतो आहोत हे विचारण्याचीही सोय नसते. विचारले तर उद्या दुसरा माणूस येतो. अशा मजुराच्या अंगावर कोणते साधन होते आणि कोणते नव्हते, ही चौकशी मला दुय्यम वाटते. तो तेथे का होता, कोणत्या प्रशिक्षणाच्या आधारे होता, आणि त्या कामाचा दर ठरवताना त्याच्या सुरक्षेचा खर्च निविदेत कोठे धरलेला होता, हे पहिले प्रश्न आहेत.

येथे थोडे अर्थशास्त्र सांगतो, कारण ते माझ्या शिक्षणाचा विषय आहे आणि या प्रश्नात त्याचा गैरवापर फार होतो. ॲडम स्मिथने १७७६ सालीच सांगून ठेवले आहे, की काम जितके अप्रिय किंवा जोखमीचे, तितकी त्याची मजुरी अधिक असायला हवी. यावरून काही मंडळी असा निष्कर्ष काढतात, की धोक्याची किंमत बाजार आपोआप मजुरीत धरतोच, मग सरकारने मध्ये पडू नये. परंतु हे घडण्यासाठी दोन अटी लागतात. धोका किती आहे हे मजुराला ठाऊक असले पाहिजे, आणि त्याला दुसरे काम मिळण्याची शक्यता असली पाहिजे. पुलगावच्या त्या मजुरांपाशी यांपैकी काय होते? दोन्ही अटी जेथे नाहीत तेथे जोखमीची किंमत मजुरीत दिसत नाही. ती मजुराच्या घरात दिसते. विधवेच्या, मुलांच्या, जमीन विकणाऱ्या बापाच्या हिशेबात.

मालकाच्या बाजूने हिशेब कसा पडतो तेही पाहू. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली मृत्यूची भरपाई म्हणजे मासिक मजुरीच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसारचा गुणक असे. २०२० च्या अधिसूचनेने या हिशेबासाठी मजुरीची कमाल मर्यादा १५,००० रुपये झाली. तीस वर्षांच्या कामगारासाठी गुणक २०७.९८. म्हणजे प्रत्यक्षात त्याला मर्यादेहून कितीही अधिक पगार असो, हिशेब ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये. तीस वर्षांच्या माणसाच्या उरलेल्या आयुष्याची ही त्या कायद्याने ठरवलेली किंमत होती. ज्या कारखान्यांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे, तेथे तर मालकाला हीसुद्धा द्यावी लागत नाही, कारण ती जोखीम विमा उचलतो. ते योग्यच आहे. कामगाराच्या कुटुंबाला खात्रीने पैसे मिळतात. पण जुलै २०१९ पासून मालकाचा हप्ता मजुरीच्या ३.२५ टक्के असा सर्वांना सारखा आहे. दहा वर्षांत एकही बोट न गमावू देणारा कारखाना आणि दर महिन्याला एक बोट गमावणारा कारखाना, दोघेही ३.२५ टक्केच भरतात. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८४ साली, अपघात विम्याचा कायदा झाला. तेथे हप्ता उद्योगाच्या जोखमीप्रमाणे आणि अपघातांच्या इतिहासाप्रमाणे कमीजास्त होतो. सुरक्षा हा तेथे नफा-तोट्याचा विषय आहे. आपण तो शपथेचा विषय करून ठेवला.

आता कायद्याकडे. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ साली १९४८ च्या कारखाना अधिनियमात घातक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण आले. धोक्याची माहिती कामगारांना देण्याचे बंधन, सुरक्षा समितीत त्यांचा सहभाग, आणि आसन्न धोक्याचा इशारा देण्याचा त्यांचा हक्क, हे त्यातले मर्म होते. हजारो माणसांच्या मृत्यूने लिहिलेले ते प्रकरण होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यवसायविषयक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० अमलात आली आणि जुना अधिनियम इतिहासजमा झाला. संहितेत चांगले काही नाही असे मी म्हणणार नाही. कर्तव्यच्युतीमुळे मृत्यू झाल्यास दंडाची किमान रक्कम जुन्या कायद्यात २५,००० रुपये होती, ती आता पाच लाख झाली आहे, आणि दंडाची निम्मी किंवा त्याहून अधिक रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा एक हजार कामगारांवरून पाचशेवर आणि घातक प्रक्रियेत अडीचशेवर आली आहे.

परंतु दुसरी बाजूही आहे. घातक प्रक्रियेच्या कारखान्यात जी सुरक्षा समिती कायद्यानेच अनिवार्य होती, ती आता शासनाच्या आदेशावर सोपवली आहे. निरीक्षक हा आता 'निरीक्षक-नि-सुलभकर्ता' झाला आहे. एकाच माणसाने मालकाला मार्गदर्शनही करायचे आणि त्याच्यावर खटलाही भरायचा, ही रचना कागदावर सुरेख दिसते. दौऱ्यावर गेल्यानंतर त्यातली कोणती भूमिका अधिक सोयीची ठरते, हे कोणत्याही खात्यात नोकरी केलेल्या माणसाला विचारा. आणि शासकीय कारखान्यात 'भोगवटादार' म्हणून कायद्यापुढे उभा राहतो तो कारखान्याचा कारभार पाहण्यास नेमलेला अधिकारी. अंदाजपत्रक ठरवणारा, उद्दिष्ट ठरवणारा, रिक्त पदे न भरणारा, यांपैकी कोणीही त्या पिंजऱ्यात नसतो. मालक शासन आणि नियम करणारेही शासन, अशा ठिकाणी तर कायद्याने स्वतःवर अधिक कठोर व्हायला हवे.

माझ्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात, आणि ते प्रामाणिक माणसांकडूनही येतात, म्हणून उत्तर देतो.

पहिला आक्षेप, 'साधने दिली तरी कामगार वापरत नाहीत.' खरे आहे. पण का वापरत नाहीत, हे विचारायला कोण गेले? जबलपूरचा मे महिना ज्याने सोसला आहे त्याने भट्टीसमोर जाड कातडी कोट घालून एक तास उभे राहून पाहावे. घामाने चष्म्यावर वाफ धरते आणि समोरचे यंत्र दिसेनासे होते. तेव्हा चष्मा काढणे हाच त्या क्षणी सुरक्षिततेचा निर्णय असतो. हातमोजे एकाच मापाचे येतात आणि ते माप पुरुषाचे असते. स्त्रीच्या हातात ते ढिले पडतात. नगावर मजुरी असेल तर मोजे घालून होणारा उशीर थेट तिच्या पगारातून कापला जातो. हा निष्काळजीपणा नव्हे, हा हिशेब आहे. तो हिशेब आपण बदलला तर वागणूक बदलेल.

दुसरा आक्षेप, 'नियमच न्यूनतम दराचा आहे, आम्ही काय करणार?' हा आक्षेप माझ्या जातभाईंचा, म्हणजे अधिकाऱ्यांचा. मीही वर्षानुवर्षे त्याआड लपलो. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम १४४ वाचून पाहावा. गरजेनुसार गुणवत्तेचे तपशील स्पष्टपणे नमूद करा, असेच तो सांगतो. न्यूनतम दर पाहायचा तो गुणवत्ता ठरल्यानंतर. औद्योगिक हेल्मेटसाठी आयएस २९२५ आणि सुरक्षा पादत्राणांसाठी आयएस १५२९८ अशी भारतीय मानके आहेत. आलेल्या मालातून नमुने काढून चाचणी करण्याची अट निविदेत घालायला कोणीही मनाई केलेली नाही. नियमाने आपल्याला वाईट बूट घ्यायला लावले नाहीत. तपशील ढोबळ ठेवणे सोपे, लेखापरीक्षणात निर्धोक आणि वेळ वाचवणारे होते, म्हणून आपण ते घेतले.

तिसरा आक्षेप लहान उद्योजकांचा. रिछाई किंवा अधारतालच्या औद्योगिक वसाहतीत पंधरा माणसांचे वर्कशॉप चालवणारा विचारतो, 'एवढा खर्च मी कोठून आणू?' त्याची अडचण मला मान्य आहे आणि तीवर उपाय शासनाचाच हवा. गावात एक अग्निशमन केंद्र सर्वांसाठी असते. तसे वसाहतीत सामाईक साधन-भांडार, सामाईक सुरक्षा अधिकारी आणि प्रेसला जाळी बसवायला स्वस्त कर्ज का असू नये? पण ही सोय होईपर्यंतचा खर्च कामगाराने बोटांनी भरावा, हे मात्र मान्य नाही.

नुसती टीका करून थांबणे अधिकाऱ्याला शोभत नाही. म्हणून पाच सूचना. यांपैकी पहिल्या तीन गोष्टींना नवा कायदा लागत नाही, परिपत्रक पुरते.

एक, अपघात चौकशीचा नमुना बदलावा. धोका काढता आला असता का, पदार्थ किंवा पद्धत बदलता आली असती का, यंत्रावर बंदोबस्त होता का, माणसांची व कामाची मर्यादा पाळली होती का, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे दिल्याशिवाय पाचव्या, म्हणजे अंगावरच्या साधनाच्या प्रश्नाकडे जाण्याची मुभाच नसावी. साधनाच्या पावतीसोबत त्या साधनाच्या खरेदीची टिपणीही जोडावी.

दोन, जे साधन कामगाराने वापरायचे ते खरेदीपूर्वी कामगारांनी महिनाभर वापरून पाहावे, आणि तांत्रिक मूल्यमापनावर त्यांच्या प्रतिनिधीची सही असावी. बदलून देण्याचा निकष दोन वर्षे हा नसावा; साधन निकामी झाले, हा असावा.

तीन, कंत्राटाच्या निविदेत सुरक्षेचा खर्च हा स्पर्धेबाहेरचा, ठरावीक रकमेचा भाग असावा, म्हणजे कोणाला त्यात काटकसर करून काम मिळवता येणार नाही. कंत्राटी कामगाराला साधने मूळ आस्थापनेच्या भांडारातूनच मिळावीत.

चार, कर्मचारी राज्य विम्याचा मालकाचा हप्ता अपघातांच्या इतिहासाशी जोडावा. पण त्याबरोबर अपघात लपवण्याला कठोर शिक्षा हवी, नाहीतर कारखाने सुरक्षित होण्याऐवजी नोंदवह्या स्वच्छ होतील.

पाच, प्रत्येक प्राणांतिक अपघाताचा चौकशी अहवाल, संरक्षणविषयक गुपिते वगळून, प्रसिद्ध व्हावा. खमरियात जे शिकायला मिळाले ते भंडाऱ्याच्या शेवटच्या कामगारापर्यंत त्याच्या भाषेत पोचले पाहिजे.

तो बालाघाटकडचा गृहस्थ पुढे हलक्या कामावर बदलला गेला. त्याचे पैसे मंजूर झाले, कारण निष्काळजीपणाच्या शेऱ्याविरुद्ध मी टिपणीत दोन परिच्छेद लिहिले. पण त्या परिच्छेदांत मी बुटांच्या दर्जाविषयी लिहिले. ते बूट कोणी मंजूर केले, हे लिहिले नाही. तेवढे धैर्य त्या वेळी झाले नाही. ते आज लिहितो आहे.

येत्या ४ मार्चला पुन्हा शपथा होतील. मला कोणी पाहुणा म्हणून बोलावले तर मी एक विनंती करणार आहे. कामगारांना खाली बसू द्यावे. शपथ खरेदी समितीने घ्यावी, वित्त विभागाने घ्यावी, उत्पादनाचे उद्दिष्ट ठरवणाऱ्यांनी घ्यावी. आणि कामगारांनी ती ऐकावी. माझी तयारी आहे.